दुसरं पान

नेकेसा नैरोबीतल्या ऑफिसात एआयसाठी स्प्रेडशीटमध्ये शोधाशोध करणाऱ्या साधनाची माहितीपुस्तिका तपासत होती. “दुसरं पान सांगितलं नाही तर साधन पहिल्याच पानावर शोधतं, हे एआयला सांगितलेलंच नाही,” असा शेरा तिने मारला. मुटिसोसाहेबांनी तो खोडला. “एवढं कोण वाचतंय गं? ‘उत्तम’ लिही नि मोकळी हो!” महिन्याभराने नाक्यावर बोडाबोडावाल्यांनी, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाल्यांनी, त्याच साहेबांना लोळवलं होतं. त्यांनी भाड्याने लावायला घेतलेली नवीकोरी मोटरसायकल शेजारी पडली होती. “चोर! नाक्याच्या यादीत हिचा नंबरच नाही, एआयच सांगतोय!” दगडाने त्यांचे दात पाडले, गळ्यात टायर अडकवला, पेट्रोल ओतलं. गर्दीत घुसून नेकेसाने म्होरक्याचा मोबाईल हिसकावला. तेच साधन होतं. “दुसऱ्या पानावर शोध!” तिने एआयला बजावलं. नंबर सापडला, नव्या गाड्या तिथेच होत्या. म्होरक्याने पेटती काडी विझवली. “मग हे आधीच लिहायला काय धाड भरली होती?” नेकेसाने टायरातल्या रक्ताळलेल्या तोंडाकडे पाहिलं. “लिहिलं होतं. ह्यांनीच खोडलं.”