कार्ड दिसंना

क्रांतीनं तिसऱ्यांदा बटण दाबलं, तरी टीव्हीचा पडदा पांढराच राहिला.

"मिरजेत असल्याच मशीनवर हे कार्ड चाललं होतं, आण्णा," ती म्हणाली. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या बाईला वडूजच्या घरात एक कार्ड चालवता येईना, म्हणजे बापापुढं अब्रू गेलीच.

आण्णा म्हणजे सुभेदार लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले. हा टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर त्यांनी सत्त्याऐंशी साली सुट्टीवर येताना आणला होता. एका सुट्टीत त्याच्यावर औंधच्या यमाईच्या डोंगराचं चित्र काढलं, एकेक रेष जुळवून, पायऱ्यांसकट. ते उतरवून ठेवलेल्या कॅसेटला बुरशी लागली, म्हणून क्रांतीनं ते नखाएवढ्या कार्डात भरून आणलं होतं. सोमवारी लालासाहेबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. त्याआधी एकदा तो डोंगर बघायचा, एवढंच सुभेदारांना हवं होतं.

कार्ड बरोबर, ते ज्यात बसवून कॉम्प्युटरच्या मागं खोचायचं ती डबी बरोबर, वायर बरोबर. मग माशी शिंकली कुठं? क्रांतीनं कॉम्प्युटरच्या मागची डबी उपसली आणि फटीत मोबाईलचा उजेड मारला. आत तांब्याच्या पट्ट्या दिसायला हव्या होत्या. तिथं तांबडा-पिवळा थर दगडासारखा बसला होता. तिनं नखानं खरवडून वास घेतला आणि गोंधळून वडिलांकडं बघितलं.

"आण्णा, ह्यात कुंकू हाय. हळद बी."

दोघांनी दाराकडं बघितलं. दारात क्रांतीची आई साळूबाई उभ्या होत्या. आपलं काय चुकलं, हे त्यांना कळेना.

"खंडेनवमीला लावते की मी, दर वर्साला. फुडं सगळी बटनंच. म्हून मागं लावते, त्या फटीत."

"आगं, पूजा कर, पर फटीत व्हय?" लालासाहेबांचा आवाज चढला. "चोवीस वर्सं रायफल सांबाळली मी. नळीत कुनी कुंकू भरलं न्हाई!"

"तुमची रायफल तिकडं बर्फात. हितं घरात तुमचं हत्यार म्हनायला ह्ये एवढंच हुतं. मग मी हात कुनापुढं जोडायचं?"

आपण रागावलोय की काय झालंय, तेच लालासाहेबांना समजेना. क्रांतीनं स्पिरिटमध्ये कापूस भिजवून त्यांच्या हातात दिला. "हलक्या हातानं पुसा, आण्णा. पट्ट्या स्वच्छ झाल्या की डोंगर दिसंल."

त्यांनी कापूस फटीपर्यंत नेला. तिथं हात थांबला. त्यांनी मान वर करून बायकोच्या कपाळावरच्या कुंकवाकडं बघितलं. कापूस तसाच धरून ते बसून राहिले.

"पुसा की," साळूबाई म्हणाल्या. "आता घरातच हायसा न्हवं तुमी."