लिंबाची चौकट

कडुलिंबाला वाळवी लागत नाही. करवतीच्या पात्याला खिळा चालत नाही. आणि भावाच्या नव्या उंबऱ्याची पूजा बहिणीशिवाय होत नाही.

१९९४ साल. बारामतीत रस्त्याकडेच्या लिंबाच्या सावलीत सारजा घोंगड्या विकायची. रस्ता रुंद करायच्या निमित्तानं वखारवाला आखणीबाहेरचीही झाडं उतरवून फळ्या पाडायला लागला, तेव्हा तिनं लिंबात खाली-वर खिळे पार आत ठोकले, वरून शेण लिंपलं आणि वखारीत जाऊन बजावलं, "माझ्या लिंबात खिळं हायत. कुठं हायत ते न्हाय सांगायची. पातं मोडलं तर माझ्या नावानं बोंबलू नगा!"

वखारवाल्यानं लिंब सोडून दिला.

पुढं ती यात्रेला माहेरी, वरकुट्याला गेली. परतली तर नुसता बुडखा. तशीच वखारीत धावली.

"मोडलं का पातं?"

"न्हाय बाई. एक दात पडला न्हाय."

दिवाळीनंतर धाकट्या भावाची, म्हस्कूची वास्तुशांत झाली. "आक्के, लिंबाची चौकट हाय," तो कौतुकानं म्हणाला. "जन्मात वाळवी लागायची न्हाय. लाव कुंकू."

सारजानं कुंकवाचं बोट चौकटीवर टेकवलं. बोटाखाली भुश्शानं बुजवलेलं, कडेनं काळं पडलेलं खिळ्याचं भोक लागलं. वर आणखी एक.



खिळे ठोकताना शिडी म्हस्कूनं धरली होती.