आत्याचा उजवा हात

बारावीचा निकाल लागला तसं पोरीने मसाज थेरपीच्या कोर्सचं टुमणं लावलं.

"एवढं शिकून लोकांचे पाय चेपणार?" बाप म्हणाला.

"बाबा, आत्याचा हात रोज मीच चोळते ना? बघाच तुम्ही."

चार महिन्यांपूर्वीच्या पक्षाघाताने आत्याची वाचा गेली होती. उजवा हात तर लाकडासारखा पडून होता. चिमटा काढला तरी त्याला कळत नसे.

"बरं," बाप हसला. "शुक्रवारपर्यंत ताईचं एक बोट हलवून दाखव, फॉर्मवर सही करतो."

शुक्रवारी पोरीने खांद्यापासून तळव्यापर्यंत अंगठा दाबत नेला आणि कानाशी वाकली. "आत्या, एकदाच गं. करंगळी तरी."

आत्याने सगळा जीव बोटांत गोळा केला. बोटं ढिम्म हलली नाहीत. डोळे मात्र घळाघळा वाहू लागले.

"रडू नकोस गं, तुझा काय दोष? माझ्याच हाताला गुण नाही." पोरीने तिचे डोळे पुसले, कोऱ्या फॉर्मची घडी घातली आणि ती उठून गेली.

चार महिन्यांत पहिल्यांदाच आत्याचा तो हात खांद्यापासून करंगळीपर्यंत ठणकत होता.