बिनमालकाच्या फायली

सर्व्हरची डिस्क गच्च भरली, अकरावीचे प्रवेश अडले, तेव्हा लातूरच्या त्या शिक्षणसंस्थेला वर्षाराणीची आठवण झाली. तीन महिन्यांपूर्वी याच संस्थेने तिला काढलं होतं. तिने अनुभवाचा दाखला मागितला, तर 'सदर नावाची व्यक्ती आमच्याकडे कधीही कामास नव्हती' असं गोल शिक्क्यासह कळवलं होतं. गुरुवारी नांदेडला मुलाखत होती आणि दाखल्याशिवाय तिथे कुणी उभं करणार नव्हतं. म्हणून ती आली.

तिच्या जागेवर आलेल्या सत्यमने स्क्रीन तिच्याकडे वळवली. "मॅडम, ह्या सगळ्या फायली अनाथ झाल्यात. मालकाच्या जागी नाव न्हाई, नुसता आकडा यायलाय. एक हजार चार."

"माझं खातं उडवलं ना तुम्ही. खातं उडवलं की नाव जातं, फायली राहतात."

"मग ह्या उडवल्या तर चालतंय का?"

वर्षाराणीने यादी खाली सरकवली. अकरा वर्षं सकाळी सर्वांत आधी तीच यायची, सर्व्हर स्वतःच्या नावाने उघडायची, आणि सगळं ऑफिस दिवसभर तिच्याच नावाखाली टायपायचं. आपलं नाव घालायचा कुणाला उत्साह? अध्यक्ष उद्धवराव अण्णांच्या एकसष्टीचा गौरवग्रंथही तिथेच होता. बेचाळीस मान्यवरांचे बेचाळीस लेख अण्णांनी स्वतःच तिला तोंडी सांगितले होते, काही ठिकाणी गहिवरून. प्रकाशन येत्या रविवारी. दुसरी प्रत नव्हती. बॅकअपच्या डिस्कवर अण्णांच्या पुतणीच्या लग्नाचं शूटिंग होतं.

अण्णा दारात येऊन उभे राहिले. "कशाचा खोळंबा हाय?"

"अण्णा, ह्या माझ्या नावावरच्या फायली आहेत. माझ्या म्हणून लिहून द्या. मग एकेक उघडून सांगते, काय ठेवायचं आणि काय टाकायचं."

"तुमच्या कशा? तुम्ही इथं नव्हताच. तसं लेखी दिलंय की आम्ही."

"अण्णा, एकदा उघडून तरी बघू," सत्यम म्हणाला.

"गप रे. फायलीच्या आडून दाखला काढायली बाई."

वर्षाराणीने खुर्ची मागे सारली. "मी नव्हते, तर ह्या कुणाच्याच नाहीत. खुशाल उडवा."

"ऐकलंस? उडव."

सत्यमने कळ दाबली. डिस्क अर्धी रिकामी झाली. अण्णा खुलले. "आता कसं! बरं, आता गौरवग्रंथ काढ. छापखान्याचा माणूस खाली थांबलाय."

सत्यमने शोधलं. पुन्हा शोधलं. मग मान वर न करता म्हणाला, "अण्णा, तो एक हजार चारमधीच होता."

अण्णांना हे कळायला पंख्याचे पाच-सहा फेरे लागले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने लेटरहेड ओढलं, पेनाचं टोपण काढलं. आवाज एकदम मऊ झाला होता.

"बसा ताई. तुम्हाला लेख तोंडपाठ असतील, न्हाई का? दाखला आत्ता देतो. किती वर्षं लिहू?"

गुरुवार दोन दिवसांवर होता. वर्षाराणीने पर्स खांद्याला लावली.

"नको अण्णा. उद्या कुणी विचारलं, तर पुरावा काय दाखवाल?"