लॅपटॉपमधल्या सासूबाई

“त्या लॅपटॉपमध्ये मी दर वेळी तश्शीच गाते. माणूस असं गातं का?” कार्यक्रमाआधीच्या तालमीत सासूबाई माझ्या कानाशी कुरकुरल्या.

मटार सोलताना त्यांनी गायलेली ओवी मी गुपचूप फोनवर टिपली होती. ती लॅपटॉपवरून वाजवत तिच्याभोवती गिटार-ड्रम रचले आणि नऊ वर्षं रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवणाऱ्या आमच्या बँडला गर्दी होऊ लागली. पोस्टरवर गायिका म्हणून मात्र मी.

“मग कशा गाल, काकू?” ड्रमवाल्या सुहासने विचारलं.

त्यांनी गाऊन दाखवलं. प्रत्येक ओळ नव्याने वळत होती. संपल्यावर सगळ्यांना एकदम वायरी तपासायची आठवण झाली. माझ्याकडे कुणी बघेना.

मी माइक त्यांच्या उंचीला आणला.

“आई, लोक तुम्हालाच ऐकायला येतात. आज तुम्ही गा. मी मागे उभी राहते.”