पावडरचे डबे

आठ वर्षांच्या लेकीच्या आतड्यांना सूज आली होती आणि खाल्लेलं काही अंगी लागत नव्हतं. "पोटातले जिवाणू बिथरलेत," डॉक्टर म्हणाले. "आठ आठवडे जेवण बंद. फक्त ही पोषणाची पावडर पाण्यात कालवून द्यायची."

सासूने त्याच दिवशी तोंड सोडलं. "जिवाणूंपायी पोरीला उपाशी मारणारी आई पहिल्यांदाच बघतेय!"

"तुमच्याच लाडांनी वाट लागली तिच्या पोटाची," सूनही गप्प बसली नाही. दोघींचं बोलणं तुटलं. सासू जेवायलाही एकत्र बसेना.

तिसऱ्या आठवड्यात सुनेच्या लक्षात आलं, की पावडरचे डबे भराभर संपताहेत. म्हातारी पावडर मोरीत ओतते आणि नातीला चोरून जेवू घालते, याबद्दल तिला शंकाच उरली नाही. आज रंगेहाथ पकडायचं आणि घराबाहेर काढायचं, असं ठरवूनच ती भर दुपारी ऑफिसातून परतली आणि आवाज न करता दार उघडून आत गेली.

स्वयंपाकघरात आजी-नात समोरासमोर बसल्या होत्या. दोघींच्या हातात त्याच पावडरचे काठोकाठ भरलेले ग्लास होते.

"आजी, सगळं संपव हं. नाहीतर मीपण नाही पिणार."

आजीने नाक दाबून ग्लास रिकामा केला. मग तिला दारातली सून दिसली.

"बघतेस काय?" ती खेकसली. "पोरीला एकटीलाच उपाशी ठेवायला मी काय तुझ्यासारखी आहे?"