एझ्राचा कप

मेलेल्या माणसाचा कप फोडून त्याच्या कबरीवर ठेवायचा, नाहीतर तो परत येतो, अशी अमेरिकेतल्या त्या काळ्यांच्या वस्तीची रीत. पर्लीनं नवऱ्याचा, एझ्राचा, कप वस्तीच्या सांगण्यावरून न फोडता घरातच ठेवला होता.

आज भरदुपारी एझ्रा कोर्टाच्या भिंतीतून आरपार गेला आणि गोऱ्यांनी लाटलेल्या जमिनींचे कागद घेऊन आला. अंगणात एकच जल्लोष झाला.

"उद्या बँकेची तिजोरी!" पाद्रीबाबा म्हणाले.

एझ्रा दारात उभा होता, वखारीतून यायचा तसाच, खांदे पाडून. "अजून काही आणायचंय?"

पर्लीला ना हसू आलं, ना रडू. तिनं कप उचलून उंबऱ्यावर आपटला. दार रिकामं झालं.

"पर्ली, हे काय केलंस!" पाद्रीबाबा ओरडले.

"सुट्टी दिली त्याला," तुकडे गोळा करत ती म्हणाली. "जिवंतपणी कुणी दिली नाही."